परसदारातून बदलणारी राज्यघटना

१९७६ साली, आणीबाणीच्या काळात, संसदेने तीन महिन्यांच्या अंतराने दोन कायदे केले. पहिल्यावर राष्ट्रपतींची सही झाली १८ सप्टेंबरला. तो त्या वर्षाचा १०८ क्रमांकाचा कायदा, अनुसूचित जाती व अनुसूचित जमाती आदेशांत सुधारणा करणारा. दुसऱ्यावर सही झाली १८ डिसेंबरला, ती बेचाळिसावी घटनादुरुस्ती. दुसऱ्यावर आपल्याकडे ग्रंथ झाले, परिसंवाद झाले, एक निवडणूकही बऱ्याच अंशी त्याच रागावर लढली गेली. पहिल्याबद्दल मराठीत फारसं काही वाचल्याचं आठवत नाही. मात्र तेलंगणातल्या आदिलाबाद जिल्ह्यात, उटनूर-इंद्रवेल्लीच्या बाजूला, घटना कधी बदलली असं विचारलं, तर लोक बेचाळिसाव्या दुरुस्तीचं नाव काढणार नाहीत. ते सांगतील, ‘शहात्तर साली लंबाड्यांना एसटी केलं तेव्हा.’

कायद्याच्या काटेकोर भाषेत हे उत्तर चूक आहे. तो कायदा म्हणजे घटनादुरुस्ती नव्हती. पण घटना दुरुस्त न होताही बदलते, आणि आदिलाबादसारख्या जिल्ह्यात ती बहुतेक वेळा अशीच बदललेली आहे. या लेखात त्याचाच आढावा घ्यायचा आहे.

आधी दर्शनी दाराविषयी थोडक्यात, कारण ते सर्वांना ठाऊक असतं. अनुच्छेद ३६८ नुसार दोन्ही सभागृहांत एकूण सदस्यसंख्येचं बहुमत आणि हजर राहून मतदान करणाऱ्यांचं दोन तृतीयांश बहुमत लागतं. संघराज्याच्या रचनेला हात लागत असेल तर निम्म्या राज्यांच्या विधिमंडळांची संमतीही लागते. या वाटेने १९५१ पासून २०२३ पर्यंत १०६ दुरुस्त्या झाल्या. अमेरिकेत सव्वादोनशेहून अधिक वर्षांत सत्तावीस झाल्या. ऑस्ट्रेलियात प्रत्येक दुरुस्तीला सार्वमत लागतं आणि आजवर पंचेचाळीस प्रस्तावांपैकी आठच पार पडले. आपल्याकडे दार वरचेवर उघडतं म्हणून न्यायालयाने दारात पहारा बसवला. २४ एप्रिल १९७३ ला केशवानंद भारती खटल्यात तेरा न्यायाधीशांच्या पीठाने सात विरुद्ध सहा अशा फरकाने सांगितलं की संसदेला घटना दुरुस्त करता येईल, तिचा मूलभूत ढाचा मोडता येणार नाही. बेचाळिसाव्या दुरुस्तीने हा पहारा उठवायचा प्रयत्न केला. १९८० साली मिनर्व्हा मिल्सच्या निकालाने तो पुन्हा बसला.

बेचाळिसाव्या दुरुस्तीचा बराच भाग त्रेचाळिसाव्या आणि चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने काढून टाकला. जे राहिलं त्यात ‘समाजवादी’ आणि ‘धर्मनिरपेक्ष’ या शब्दांचीच चर्चा होते. आदिलाबादच्या दृष्टीने त्याहून वजनदार गोष्ट अशी की तिने वने आणि शिक्षण हे विषय राज्यसूचीतून समवर्ती सूचीत आणले. त्या आधारावर १९८० चा वनसंवर्धन कायदा झाला आणि पोडूची शेती, म्हणजे जंगल साफ करून केलेली डोंगरउतारावरची शेती, नियमित करण्याचा अधिकार हैदराबादच्या हातून दिल्लीकडे गेला. तेव्हा दर्शनी दारातूनही या जिल्ह्यात काही आलं नाही असं म्हणता येणार नाही. पण जास्त आलं ते परसदारातून.

हे परसदार घटनाकारांनीच ठेवलेलं आहे. अनुच्छेद ४ मध्ये, पाचव्या अनुसूचीच्या सातव्या परिच्छेदात, विधान परिषदांविषयीच्या अनुच्छेद १६९ मध्ये, पंचायतींच्या अनुच्छेद २४३एम मध्ये जवळजवळ एकाच साच्याचं वाक्य येतं: असा कायदा ३६८ च्या प्रयोजनासाठी घटनेची दुरुस्ती मानला जाणार नाही. म्हणजे घटनेच्या मजकुरात बदल होणार, पण तो साध्या बहुमताने होणार. १७ सप्टेंबर १९४९ ला संविधान सभेत डॉ. आंबेडकरांनी हे तीन स्तर समजावून सांगितले होते: काही तरतुदी साध्या बहुमताने बदलता याव्यात, काही विशेष बहुमताने आणि काहींना राज्यांची संमती लागावी. त्या वेळच्या स्थितीत हे शहाणपणाचंच होतं. संस्थानं विलीन होत होती, नकाशे रोज बदलत होते, आदिवासी भागांची व्यवस्था नेमकी कशी चालेल हे कुणालाच सांगता येत नव्हतं. हैदराबाद संस्थान तर जेमतेम वर्षभरापूर्वी भारतात आलं होतं.

त्या संस्थानातल्या आदिलाबाद जिल्ह्याचा नकाशाच पहिल्यांदा बदलला. १९५६ च्या राज्य पुनर्रचना कायद्यात मुंबई राज्याला जोडायच्या प्रदेशांच्या यादीत किनवट तालुका, राजुरा तालुका आणि बोथ तालुक्यातलं इस्लापूर सर्कल अशी नावं आहेत. उलट दिशेने नांदेड जिल्ह्यातून मुधोळ तालुक्यातली मुधोळ, भैंसा आणि कुबेर ही सर्कलं आंध्र प्रदेशाकडे गेली. मसुदा करणाऱ्यांनी तालुका फोडून सर्कलपर्यंत, म्हणजे तलाठ्याच्या वरच्या पायरीपर्यंत जाऊन रेघ ओढली. तरीही भैंशात, बेल्यात, जैनदमध्ये मराठी राहिलीच आणि किनवटमध्ये तेलुगू. यातलं काहीच ३६८ खाली झालं नाही. अनुच्छेद ३ नुसार संसद साध्या बहुमताने राज्यांच्या सीमा बदलते. संबंधित विधिमंडळाला फक्त मत विचारायचं असतं, आणि ते मत कधीपर्यंत द्यायचं हे राष्ट्रपती ठरवतात. ही मुदतीची तरतूद खास पाचव्या घटनादुरुस्तीने, डिसेंबर १९५५ मध्ये, म्हणजे पुनर्रचनेच्या तोंडावर घातली गेली.

मत विचारल्यावर ते मानावं लागतं का? मराठी वाचकाला याचं उत्तर आपल्याच इतिहासातून मिळतं. १९५६ च्या मूळ विधेयकात मुंबई, महाराष्ट्र आणि गुजरात असे वेगळे घटक होते. संसदेने ते बदलून द्वैभाषिक मुंबई राज्य केलं आणि या नव्या रूपावर मुंबई विधानसभेचं मत पुन्हा घेतलं नाही. बाबूलाल पराते यांनी याला आव्हान दिलं. सर्वोच्च न्यायालयाने १९५९ साली निकाल दिला की पुन्हा विचारायची गरज नाही. त्या निकालाचा लाभ पंचावन्न वर्षांनी तेलंगणाला झाला. ३० जानेवारी २०१४ ला आंध्र प्रदेश विधानसभेने पुनर्रचना विधेयक आवाजी मताने फेटाळलं. १८ फेब्रुवारीला लोकसभेने आणि २० ला राज्यसभेने ते मंजूर केलं. २ जून २०१४ ला तेलंगणा झालं आणि आदिलाबाद तिसऱ्या राज्यात आलं, जागचं न हलता. द्वैभाषिकाच्या वेळी जी पळवाट आपल्याला अन्याय वाटली, तीच तेलंगणाच्या बाजूने मोकळा रस्ता ठरली. अनुच्छेद ३ बद्दलचं आपलं मत बहुधा आपण रेघेच्या कुठल्या बाजूला उभे आहोत यावर ठरतं, हे मान्य करून टाकावं.

याच २०१४ च्या कायद्यात कलम ९७ आहे. त्याने थेट अनुच्छेद ३७१डी मध्ये शब्द घातले. हा अनुच्छेद मुलकी नियमांच्या आंदोलनांनंतर १९७३ च्या बत्तिसाव्या दुरुस्तीने, म्हणजे विशेष बहुमताने घटनेत आला होता. स्थानिकांना नोकऱ्यांत अग्रक्रम आणि त्यासाठी विभागवार केडर, हा त्याचा गाभा. जे विशेष बहुमताने आलं ते साध्या बहुमताने दोन राज्यांना लागू झालं. पुढे २०१८ च्या राष्ट्रपती आदेशाने विभाग नव्याने आखले आणि आदिलाबाद जिल्हा बासर विभागात गेला. जिल्हा म्हणजे कुठला, हेही सांगायला हवं: ११ ऑक्टोबर २०१६ ला राज्य सरकारने जुन्या जिल्ह्याचे चार केले, आदिलाबाद, निर्मल, मंचेरियाल आणि कोमराम भीम आसिफाबाद. त्याला तर संसदही लागली नाही.

सीमेवरच्या चौदा गावांचा उल्लेख इथेच केलेला बरा. परांडोली, मुकदमगुडा, महाराजगुडा, अंतापूर, भोलापठार ही त्यांतली काही नावं. चंद्रपूर जिल्ह्याचा जिवती तालुका त्यांना आपली म्हणतो आणि आसिफाबाद जिल्ह्यातलं केरामेरी मंडलही. दोन्ही राज्यांची रेशनकार्डं, दोन्हींच्या शाळा आणि मतदानही दोन्हीकडे. १९६० मध्ये बेरुबाडीचा तुकडा पाकिस्तानला द्यायचा प्रश्न आला, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की देशाचा भूभाग परक्याला द्यायचा तर ३६८ खालची दुरुस्तीच हवी. या चौदा गावांचा गुंता सोडवायला घटनादुरुस्ती लागत नाही. तरी तो दशकानुदशकं पडून आहे. परसदार नुसतं उघडं असून भागत नाही, आत येण्यात कुणाला तरी रस असावा लागतो.

आता यादीकडे. अनुसूचित जमाती कोण, हे घटना सांगत नाही. अनुच्छेद ३४२ नुसार राष्ट्रपती आदेशाने पहिली यादी काढतात आणि त्यानंतर तिच्यात नाव घालणं किंवा काढणं फक्त संसदेला, साध्या कायद्याने शक्य होतं. न्यायालयही ती बदलू शकत नाही. हलबा-कोष्टी प्रकरणात, महाराष्ट्र विरुद्ध मिलिंद या २००० सालच्या निकालात, घटनापीठाने हे स्पष्ट सांगितलं आणि त्याचे चटके विदर्भातल्या हजारो घरांना बसले. यादीतल्या एका नावावर आरक्षण, जमीन, शिष्यवृत्ती, विधानसभेची जागा असं सगळं टांगलेलं असतं. घटनेतले अनेक अनुच्छेद त्या नावामागे चालतात, पण ते नाव घालायला किंवा काढायला ३६८ ची पायरी चढावी लागत नाही.

१९७६ च्या कायद्याने याद्यांमधली क्षेत्राची अट काढली. त्यापूर्वी आंध्र प्रदेशात सुगाली किंवा लंबाडी समाज आंध्र भागात अनुसूचित जमात होता आणि तेलंगणा भागात नव्हता. एकाच राज्यातली ही विसंगती होती आणि ती दूर करण्याची मागणी रास्त होती. गुन्हेगार जमातीचा शिक्का वागवलेल्या, तांड्यातांड्यांनी भटकलेल्या समाजाला ती सवलत नाकारायचं कारणही नव्हतं. २७ जुलै १९७७ ला कायदा अमलात आला आणि तेलंगणातले लंबाडे अनुसूचित जमातीत आले. पेनगंगेच्या पलीकडे, महाराष्ट्रात, तेच बंजारे विमुक्त जातींत राहिले. कर्नाटकात ते अनुसूचित जाती आहेत. सख्खे चुलतभाऊ तीन राज्यांत तीन याद्यांत. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये मराठवाड्यातल्या बंजारा समाजाने हैदराबाद गॅझेटचा आधार घेऊन एसटीची मागणी लावून धरली, ती याच तुटलेल्या धाग्याचं टोक आहे.

गोंड आणि कोलाम यांची तक्रार वेगळी आहे. त्यांचं म्हणणं असं की १९७७ नंतर महाराष्ट्रातून तांडेच्या तांडे आदिलाबादेत उतरले, दाखले मिळाले आणि जागा, नोकऱ्या, जमिनी त्यांच्याकडे गेल्या. नियम असा आहे की एका राज्यातला दाखला स्थलांतरानंतर दुसऱ्या राज्यात चालत नाही. १९९० च्या मर्री चंद्रशेखर राव निकालापासून ते पक्कं आहे. पण तांड्यातला कोण पिढ्यान् पिढ्यांचा आणि कोण परवा आलेला, हे तहसीलच्या खिडकीवर ठरवायचं कसं? २०१७ च्या अखेरीस हा राग उसळला. लंबाडा शिक्षक नकोत म्हणून गावांनी शाळा बंद पाडल्या, डिसेंबरमध्ये हिंसाचार झाला, इंटरनेट तोडावं लागलं. तुडुम देब्बा या आदिवासी संघटनेचे नेते सोयम बापूराव २०१९ मध्ये आदिलाबादमधून खासदार झाले. एका यादीतल्या बदलाने बेचाळीस वर्षांनी लोकसभेचा निकाल फिरवला, असं म्हटलं तर ते थोडं सोपं करून सांगणं होईल, पण फार नाही.

खरा पेच जमिनीचा. तो नीट समजून घ्यायला थोडं मागे जावं लागतं. १९४० साली जोडेघाटच्या डोंगरात गोंडांचे नेते कोमराम भीम निजामाच्या पोलिसांच्या गोळीला बळी पडले. त्यानंतर निजाम सरकारने ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांना या भागाचा अभ्यास करायला लावलं. मारलवाईत राहून त्यांनी गोंडांना पट्टे मिळवून दिले, शाळा काढल्या आणि आदिवासी क्षेत्रांसाठी वेगळे नियम करायला सरकारला भाग पाडलं. घटना आली तेव्हा या पूर्वतयारीला पाचव्या अनुसूचीत जागा मिळाली. डिसेंबर १९५० च्या राष्ट्रपती आदेशात जुन्या आदिलाबाद जिल्ह्यातली गावं तालुकावार नोंदवलेली आहेत. उटनूर तालुका अख्खा. आदिलाबाद, किनवट, बोथ, राजुरा आणि इतर तालुक्यांतली निवडक गावं. या गावांच्या टापूला इथले लोक आजही ‘एजन्सी’ म्हणतात.

एजन्सीतल्या जमिनीसाठी पाचव्या अनुसूचीखाली राज्यपाल विनियम काढतात. आंध्र प्रदेशात तो १९५९ साली निघाला, १९६३ मध्ये तेलंगणा भागाला लागू झाला आणि १९७० च्या पहिल्या विनियमाने त्याला धार आली. लोक त्याला नुसतं ‘१/७०’ म्हणतात. त्याचं काम कसं चालतं ते पाहण्यासारखं आहे. समजा इंद्रवेल्लीच्या शिवारात एका बिगरआदिवासी सावकाराच्या ताब्यात पाच एकर आहेत. १/७० सांगतो की ती जमीन मुळात आदिवासीचीच होती असं गृहीत धरायचं. तसं नाही हे सावकाराने सिद्ध करायचं. त्याला ती विकायची असेल तर दुसऱ्या बिगरआदिवासीला विकता येत नाही. घेणारा अनुसूचित जमातीचाच हवा, नाहीतर आदिवासींचीच सहकारी संस्था. गिऱ्हाईक मिळालं नाही तर सरकारकडे अर्ज करायचा, सरकार मोबदला देऊन घेईल. म्हणजे जमीन एकाच दिशेने वाहू शकते. पेनगंगेपलीकडे, त्याच जुन्या जिल्ह्यातून आलेल्या किनवटमध्ये, महाराष्ट्राच्या महसूल संहितेचं कलम ३६अ आहे; तिथे परवानगी घेऊन बिगरआदिवासीला व्यवहार करता येतो. परवानगी आणि बंदी यांतला फरक तहसील कचेरीत वावरणाऱ्याला सांगावा लागत नाही.

आता १९७६ चा कायदा पुन्हा आठवावा. १/७० मध्ये घेणारा ‘अनुसूचित जमातीचा’ एवढंच म्हटलं आहे. यादीत लंबाडा आला त्या दिवसापासून गोंडाची जमीन लंबाड्याकडे कायदेशीरपणे जाऊ लागली. विनियमाचं एक अक्षर बदललं नाही, पाचव्या अनुसूचीला कुणी हात लावला नाही, ३६८ चा तर प्रश्नच नव्हता. तिसऱ्याच कायद्यातल्या एका ओळीने सगळ्या संरक्षणाचा अर्थ बदलला. दुसरीकडे बिगरआदिवासींचे बेनामी व्यवहार आणि मागच्या तारखांचे साध्या कागदावरचे करार चालूच होते. २० एप्रिल १९८१ ला, सोमवारच्या बाजाराच्या दिवशी, जमिनीच्या मागण्या घेऊन इंद्रवेल्लीला जमलेल्या आदिवासींवर पोलिसांनी गोळीबार केला. सरकारी आकडा तेरा मृत्यूंचा. गावातले लोक तो कितीतरी मोठा सांगतात.

१/७० ला न्यायालयात आव्हान मिळालंच. १९८८ मध्ये पी. रामी रेड्डी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरवला. १९९० मध्ये सहासष्टाव्या घटनादुरुस्तीने, म्हणजे दर्शनी दारातून, १९५९ पासूनचे हे पाच विनियम नवव्या अनुसूचीत गेले. नोंदी २०३ ते २०७. नववी अनुसूची म्हणजे पहिल्या दुरुस्तीने १९५१ साली बांधलेली तिजोरी: तिच्यात ठेवलेला कायदा मूलभूत हक्कांच्या आधारे रद्द करता येत नाही. पहिल्या तेरा नोंदींत मुंबईचा खोती निर्मूलन कायदा होता आणि हैदराबादचे जहागीर निर्मूलनाचे दोन विनियमही होते. पण २००७ च्या आय. आर. कोएल्हो निकालाने ठरवलं की २४ एप्रिल १९७३ नंतर आत गेलेले कायदे मूलभूत ढाच्याच्या कसोटीवर तपासता येतील. त्यामुळे १९७० चा विनियम तिजोरीत आहे, पण कुलूप १९९० चं आहे. केशवानंद निकाल आदिलाबादच्या शिवारात पोचतो तो असा.

न्यायालयाचं देणं-घेणं इथे दोन्ही हातांनी झालं आहे. १९९७ च्या समता निकालाने विशाखापट्टणमच्या खाणींच्या संदर्भात सांगितलं की सरकारलाही एजन्सीतली जमीन बिगरआदिवासी कंपनीला खाणीसाठी देता येणार नाही. तो १/७० चाच अर्थ होता, म्हणून आदिलाबादलाही लागू. पुढे २००० साली केंद्राच्या खाण मंत्रालयात पाचवी अनुसूची दुरुस्त करून हा निकाल निष्प्रभ करण्याचा विचार झाला. आदिवासी संघटनांनी आवाज उठवला आणि तो बारगळला. बारगळला म्हणून लक्षात राहत नाही, पण त्यासाठी लागणार होतं फक्त साधं बहुमत, हे विसरू नये. दुसऱ्या हाताने, २२ एप्रिल २०२० ला, चेब्रोलू लीला प्रसाद राव खटल्यात पाच न्यायाधीशांनी अनुसूचित क्षेत्रांतल्या शाळांमध्ये शिक्षकांच्या सगळ्या जागा आदिवासींना राखण्याचा जानेवारी २००० चा सरकारी आदेश रद्द केला. राज्यपालांचे पाचव्या अनुसूचीतले अधिकार मोठे आहेत, पण मूलभूत हक्क ओलांडण्याइतके नाहीत, असा त्याचा आशय. गोंडी किंवा कोलामी बोलणाऱ्या पहिलीतल्या मुलाला समजणारा शिक्षक मिळावा हा आदेशामागचा हेतू होता. न्यायालयाने आकडा पाहिला. मुलाची भाषा पुरेशी पाहिली नाही, असं मला वाटतं.

भाषेचाच विषय निघाला तर आठव्या अनुसूचीत गोंडी नाही. २०११ च्या जनगणनेत गोंडी भाषक २९ लाखांहून अधिक होते. १९९२ च्या एकाहत्तराव्या दुरुस्तीने आलेल्या कोकणीचे साडेबावीस लाखांच्या आसपास, २००३ च्या ब्याण्णवाव्या दुरुस्तीने आलेल्या बोडोचे १५ लाखांच्या आत. नारनूर मंडलातल्या गुंजाला गावात सापडलेल्या हस्तलिखितांमुळे गोंडीची एक जुनी लिपीही समोर आली आणि २०१८ मध्ये ती युनिकोडमध्ये गेली. इथे मात्र परसदार चालत नाही, ३६८ ची दुरुस्तीच हवी. ज्या बदलाने गोंडांचं काही जाण्याचा धोका आहे तो साध्या बहुमताने होतो आणि ज्याने काही मिळेल त्याला दोन तृतीयांश लागतात. हा योगायोग असेल. पण योगायोगाचंही ओझं वाहावं लागतंच.

पंचायतींच्या बाबतीत परसदाराचा चांगला उपयोगही झाला. १९९२ ची त्र्याहत्तरावी दुरुस्ती अनुसूचित क्षेत्रांना आपोआप लागू नव्हती; अनुच्छेद २४३एम नुसार संसदेने साध्या कायद्याने ती फेरफारांसह लावायची होती. २४ डिसेंबर १९९६ चा पेसा कायदा असा आला आणि ग्रामसभेला जमीन, पाणी, गौण वनोपज यांवर बोलायचा अधिकार मिळाला. अंमलबजावणीची कथा निराळी, पण कायदा म्हणून तो दर्शनी दारातून आलेल्या अनेक दुरुस्त्यांपेक्षा धाडसी आहे. परसदार बंदच करा, असं म्हणणं म्हणून मूर्खपणाचं ठरेल. ऑस्ट्रेलियात मूलनिवासींना संसदेपुढे मत मांडणारी सल्लागार संस्था द्यायची होती, तर देशभर सार्वमत घ्यावं लागलं आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ते हरलं. दार फार जड केलं तर दुबळा बाहेरच राहतो.

माझं म्हणणं दाराच्या रुंदीबद्दल नाही, दारात कुणाला विचारलं जातं याबद्दल आहे. पाचव्या अनुसूचीत अनुसूचित क्षेत्रं असलेल्या प्रत्येक राज्यात आदिवासी सल्लागार परिषद सांगितली आहे. राज्यपालांना जमिनीचा विनियम काढायचा असेल तर या परिषदेचा सल्ला घेणं बंधनकारक आहे. पण संसदेला तीच अनुसूची बदलायची असेल तर परिषदेला विचारायची गरज नाही. यादीत नाव घालायचं असेल तरीही नाही. १९९९ मध्ये केंद्राने ठरवलेल्या रीतीनुसार राज्याची शिफारस, रजिस्ट्रार जनरलचं मत आणि राष्ट्रीय आयोगाचं मत घेतात, पण ती कार्यपद्धती आहे, घटना नव्हे. फेब्रुवारी २०२३ मध्ये तेलंगणा विधानसभेने इतर काही समाजांबरोबर जुन्या आदिलाबाद जिल्ह्यातल्या माळी समाजाचाही जमातींच्या यादीत समावेश करावा, असा ठराव केला. या भागातले माळी बरेचसे मराठी बोलणारे आहेत आणि त्यांची परिस्थिती बेताची आहे, हे खरं. गोंड-कोलामांनी विरोध केला, तेही १९७७ चा अनुभव पाहता समजण्यासारखं. या दोघांना एका टेबलावर बसवून त्यांचं म्हणणं नोंदवून घ्यावं, असं घटनेत कुठे लिहिलेलं नाही.

ते लिहिता येण्यासारखं आहे. पाचव्या अनुसूचीचा सातवा परिच्छेद संसदेला त्या अनुसूचीतल्या कुठल्याही तरतुदीत बदल करू देतो, आणि तो स्वतःही त्याच अनुसूचीत आहे. अनुसूची बदलण्यापूर्वी सल्लागार परिषदेचं लेखी मत संसदेपुढे ठेवलं पाहिजे, एवढं वाक्य साध्या बहुमताने तिथे घालता येईल. अनुच्छेद ३४२ साठी मात्र विशेष बहुमत लागेल. आदिलाबाद लोकसभा मतदारसंघ २००९ पासून अनुसूचित जमातींसाठी राखीव आहे. पहिल्यांदा दहा वर्षांपुरती ठेवलेली ही जागांची तरतूद पुन्हा पुन्हा वाढवत आणावी लागली आणि एकशे चाराव्या दुरुस्तीने दिलेली मुदत २५ जानेवारी २०३० ला संपते. त्याआधी संसदेला अनुच्छेद ३३४ उघडावाच लागेल आणि तेव्हा विशेष बहुमत जमवावंच लागेल. त्याच विधेयकात ३४२ मध्ये सल्लागार परिषदेच्या मताचं एक कलम घालावं, अशी मागणी आदिलाबाद, नांदेड, चंद्रपूर आणि यवतमाळच्या मतदारांनी आपापल्या खासदारांकडे आतापासूनच लेखी केली पाहिजे.